तबकडी फुटली तर ती सर्वांचीच फुटते

दोनेक वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात दलित आत्मकथनांवरचा एक निबंध ऐकण्याचा योग आला. निबंधवाचक व्यासंगी होते, टिपणे नीट काढलेली होती, आणि पहिली पंधरा मिनिटे ऐकत राहावे असेच सगळे चालले होते. मग एक वाक्य आले. त्याचा आशय असा : सर्व सत्य निरीक्षकसापेक्ष असते हे आइन्स्टाइनने सिद्ध केले आहे, म्हणून 'बलुतं'मधले गाव हे दया पवारांच्या चौकटीतले गाव आहे, गावाच्या चौकटीतून पाहिले तर ते तसे असेलच असे नाही. सभागृहात माना डोलल्या. अध्यक्षांनी समारोपात 'आंतरविद्याशाखीय दृष्टी'बद्दल निबंधवाचकांचे खास अभिनंदन केले. कोणी प्रश्न विचारला नाही. मीही विचारला नाही. चहाची कपबशी हातात घेऊन आपण गप्प का राहिलो याचा विचार करू लागलो, तेव्हा सापडलेले कारण फारसे भूषणावह नव्हते. वाक्य चुकले आहे हे जाणवत होते, पण ते कुठे चुकले हे सांगण्याइतके भौतिकशास्त्र मला येत नव्हते. मराठीचा एम.ए. झालेल्या माणसाला ते यावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. पण मग अशा माणसाने आइन्स्टाइनला साक्षीला बोलावू नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी. नंतरचे काही महिने मी जमेल तसे वाचत राहिलो, भौतिकशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्याला छळत राहिलो. तेव्हा न विचारलेला प्रश्न आता उशिरा विचारतो आहे.

ते वाक्य त्या एका निबंधवाचकाचे असते तर लिहिण्याची गरज नव्हती. पदव्युत्तर उत्तरपत्रिका तपासताना ते दर वर्षी भेटते. कधी उत्तर-आधुनिकतेच्या प्रश्नात, कधी वाचककेंद्री समीक्षेच्या टिपेत, कधी नुसतेच प्रस्तावनेत, देवघरातल्या समईसारखे. काहींना त्याला स्याद्वादाची जोड देण्याचा मोह आवरत नाही, आणि मग आइन्स्टाइन हा जैन तत्त्वज्ञांचा उशिरा जन्मलेला शिष्य ठरतो. रचना मात्र सर्वत्र एकच. आधी आइन्स्टाइनचे नाव, मग 'सापेक्ष' हा शब्द, आणि मग 'म्हणून'. माझे भांडण या 'म्हणून'शी आहे.

यातला थोडा दोष आपल्या भाषेकडे जातो हे आधी मान्य करू. आइन्स्टाइनच्या सिद्धांताला आपण 'सापेक्षतावाद' म्हणत आलो. आणि ज्या तत्त्वज्ञानात कोणतेही सत्य सर्वांना बांधून ठेवणारे नसते, त्यालाही 'सापेक्षतावाद'च म्हणतो. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत ते एकाच खुंटीला टांगले गेले. त्यातून 'वाद' हा प्रत्यय मोठा फसवा. मार्क्सवाद, वास्तववाद, रूपवाद, अस्तित्ववाद या रांगेत 'सापेक्षतावाद' जाऊन बसला की तो कुणाचा तरी पक्ष वाटू लागतो. पटला तर घ्यावा, नाहीतर शेजारचा घ्यावा. विज्ञानाची काही पुस्तके 'सापेक्षता सिद्धांत' असे म्हणतात, तेच बरे. जर्मनीतही नावाविषयी अस्वस्थता होतीच. ज्या मिन्कोव्स्कीने १९०८ मध्ये कोलोनच्या व्याख्यानात अवकाश आणि काळ यांची एकत्र भूमिती मांडली, त्याला 'सापेक्षतेचे गृहीतक' हे नाव फार दुबळे वाटत होते. त्याऐवजी 'निरपेक्ष विश्वाचे गृहीतक' म्हणावे असे त्याने त्याच व्याख्यानात सुचवले. निरपेक्ष! तो शब्द रुजला असता तर आमच्या निम्म्या उत्तरपत्रिकांची प्रस्तावना बदलली असती.

पण नावाचा घोळ दाखवून भागत नाही. सिद्धांत प्रत्यक्षात काय करतो ते पाहायला हवे, आणि त्यासाठी मला सगळ्यांत उपयोगी पडली ती एक साधी फिरणारी तबकडी. पाठ्यपुस्तकांतल्या आगगाड्या आणि जुळे भाऊ आपल्याला ऐकून ठाऊक असतात. ही तबकडी सहसा कोणी आपल्यापर्यंत आणत नाही.

१९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांताचे दोन निष्कर्ष इथे पुरतात. प्रकाशाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने कोणताही परिणाम एका जागेहून दुसऱ्या जागी पोचू शकत नाही. आणि वेगाने जाणारी वस्तू, तिच्यासोबत न जाणाऱ्याने मोजली तर, गतीच्या दिशेत आखूड भरते. आडव्या दिशेत तिच्यात फरक पडत नाही. प्रकाशवेगाच्या सहा-दशांश वेगाने जाणारी एक मीटरची पट्टी ऐंशी सेंटिमीटर भरेल. ग्रामोफोनच्या तबकडीच्या कडेचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, त्यामुळे घरात हे कुणाला दिसत नाही.

आता वर्तुळाकार तबकडी घ्या आणि ती फिरवा. कडेचा प्रत्येक तुकडा कडेच्याच दिशेने धावतो आहे, म्हणजे तो आखूड व्हायला हवा. सगळे तुकडे मिळून परीघ कमी व्हायला हवा. त्रिज्या मात्र गतीला काटकोनात आहे, म्हणजे ती होती तेवढीच राहायला हवी. त्रिज्या तीच आणि परीघ कमी, असे वर्तुळ शाळेतल्या भूमितीत बसत नाही. पाउल एरनफेस्ट या व्हिएन्नात जन्मलेल्या आणि त्या वेळी सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या तरुणाने १९०९ मध्ये एक जेमतेम पानभराचे टिपण छापून हा पेच मांडला. (पानभर! आपल्याकडे ऋणनिर्देश याहून मोठे असतात.)

एरनफेस्टने हा पेच उगाच गंमत म्हणून मांडलेला नव्हता. त्याच वर्षी माक्स बोर्नने नव्या सिद्धांतात 'दृढ पदार्थ' म्हणजे काय याची व्याख्या दिली होती. जुन्या यांत्रिकीत दृढ पदार्थ म्हणजे ज्याच्या कोणत्याही दोन बिंदूंतले अंतर कधीच बदलत नाही असा पदार्थ. लाकडी भोवरा, जात्याचा दगड, रथाचे चाक यांचा हिशेब करताना आपण त्यांना असेच धरून चालतो आणि ते चालून जाते. बोर्नने ही कल्पना नव्या सिद्धांताच्या भाषेत बसवली : पदार्थाच्या प्रत्येक लहानशा भागाला, त्याच्यासोबत जाणाऱ्याने मोजले असता, आपली मूळ मापे राखता आली पाहिजेत. एरनफेस्टने दाखवले की स्थिर असलेल्या अशा पदार्थाला फिरवायला सुरुवातच करता येत नाही. तो फिरू लागला की कुठेतरी ताणला जाणार, म्हणजे दृढ राहणार नाही. १९१० मध्ये हेरग्लोट्झ आणि फ्रिट्झ नोएथर (गणिती एमी नोएथरचा हा धाकटा भाऊ) यांनी स्वतंत्रपणे हेच गणिताने पक्के केले. दृढ पदार्थ कायम एकाच गतीने फिरत असल्याचे लिहिता येते, पण स्थिर पदार्थाला फिरते करता येत नाही, आणि फिरत्या पदार्थाची फिरण्याची गती बदलता येत नाही. जुन्या यांत्रिकीतल्या दृढ पदार्थाला हलण्याच्या सहा स्वतंत्र तऱ्हा असत. इथे त्यातल्या तीनच उरल्या.

याहून मुळावर घाव घातला तो माक्स फॉन लाउएने १९११ मध्ये. त्याचा युक्तिवाद मला, साहित्याच्या माणसाला, सगळ्यांत सुंदर वाटतो. मुंबईपासून नागपूरपर्यंत एक पोलादी सळई ठेवली आहे अशी कल्पना करा, सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर. मुंबईचे टोक ढकलले की नागपूरचे टोक त्याच क्षणी हलते, असे आपले मन म्हणते. ते खोटे आहे. धक्का पोलादातून ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला पाचेक किलोमीटरने जातो. नागपूरला कळायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. याहून कितीही ताठर पदार्थ आणला, तरी धक्का प्रकाशापेक्षा वेगाने जाणार नाही. म्हणजे मधल्या काळात मुंबईचे टोक हलले आहे आणि नागपूरचे नाही. सळई आखूड झाली आहे. आणि एका वेळी सळईच्या हजार जागी हजार वेगवेगळे धक्के दिले, तर काही काळ त्या हजार हालचाली एकमेकींपासून स्वतंत्र राहतील. ज्याला हव्या तेवढ्या स्वतंत्र हालचाली आहेत तो पदार्थ दृढ कसला? तेव्हा खरा दृढ पदार्थ हा अवघड नाही, दुर्मीळ नाही. तो असूच शकत नाही.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. कारण ज्या सिद्धांताच्या नावाने आपण 'ज्याचे त्याचे सत्य' असे म्हणतो, तो सिद्धांत इथे काय करतो आहे? तो नकार देतो आहे. आणि हा नकार कुणाच्या चौकटीपुरता नाही. फलाटावरच्याला नाही, गाडीतल्याला नाही, तबकडीवर बसलेल्याला नाही, कुणालाच दृढ पदार्थ मिळणार नाही. शतकानुशतके सर्वांनी गृहीत धरलेली एक कल्पना हा सिद्धांत सर्वांच्या हातून एकदम काढून घेतो.

मग फिरणाऱ्या तबकडीचे होते काय? ती ताणली जाते. पोलादी तबकडी तर कडेचा वेग सेकंदाला काही शे मीटर झाला की साध्या केंद्रोत्सारी ताणानेच फुटते. सापेक्षतेची पाळी येण्याच्या लाखो पायऱ्या आधी. पण समजा हवा तेवढा चिवट पदार्थ मिळाला, तरी परिघाच्या दिशेचे धागे आखूड होऊ पाहतील, त्रिज्येचे होणार नाहीत, आणि या ओढाताणीत अस्सल दृढ तबकडी फुटलीच पाहिजे, असे आइन्स्टाइनने १९१९ च्या एका पत्रात समजावून सांगितले आहे. आता विचारा : ती फुटली हे कुणाच्या दृष्टीने? शेजारी उभा असलेला म्हणेल फुटली. तबकडीवर बसलेला (बिचारा) म्हणेल फुटली. दुरून यानातून जाणारा, ज्याचे अंतर आणि वेळ या दोघांपेक्षा निराळे आहेत, तोही म्हणेल फुटली. किती वाजता फुटली, तडा किती लांब गेला, यावर तिघांचे आकडे जुळणार नाहीत. पण एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांत कसे बदलायचे याचा ठाम नियम आहे, आणि त्या नियमातून कुणालाही 'माझ्या चौकटीत ती अखंड आहे' असे म्हणण्याची पळवाट मिळत नाही.

आमच्या चर्चासत्रातला युक्तिवाद १९११ मध्ये प्रत्यक्ष मांडला गेला होता हे वाचून मी चकित झालो. झाग्रेबचा व्लादिमिर वारिचाक हा जाणता गणिती. या सिद्धांताची भूमिती त्याने फार सुरेख उलगडून दाखवली. त्याने एरनफेस्टच्या पेचावर उत्तर सुचवले ते असे : आखूड होणे हे खरे नाहीच, ते केवळ भासते, आपण घड्याळे कशी लावतो आणि मोजतो कसे, त्या पद्धतीतून निघालेला तो मनाचा खेळ आहे. खरे न् भासमान, असे दोन भाग केले की पेच संपतो. आणि या वेळी आइन्स्टाइनने स्वतः उत्तर दिले, त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अगदी थोडक्यात. त्याचे म्हणणे असे की 'खरे की भासमान' हा प्रश्नच दिशाभूल करणारा आहे. सोबत जाणाऱ्याला ते आकुंचन नाही, या अर्थी ते 'खरे' नाही. पण सोबत न जाणारा माणूस ते भौतिक साधनांनी दाखवून देऊ शकतो, या अर्थी ते पुरेपूर खरे आहे. ते मोजणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून नाही. ज्याच्या नावावर आपण 'सगळे पाहणाऱ्याच्या मनात असते' हे वाक्य खपवतो, त्या माणसाने हे वाक्य आपल्या समोर आल्यावर, सहीनिशी, नाकारलेले आहे.

तबकडीची गोष्ट इथे संपत नाही. तबकडी एकदाची फिरू लागलेली आहे असे धरले, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाने लहान लहान पट्ट्यांनी तिचा परीघ मोजला, तर त्याच्या कडेवरच्या पट्ट्या आखूड झालेल्या असल्याने जास्त पट्ट्या मावतील. कडेचा वेग प्रकाशाच्या सहा-दशांश असेल तर शंभराच्या जागी सव्वाशे. व्यास तेवढाच. म्हणजे त्याच्यासाठी परीघ भागिले व्यास हे गुणोत्तर ३.१४ न येता ३.९३ येईल. फिरत्या तबकडीवर यूक्लिडची भूमिती चालत नाही. आइन्स्टाइन १९१२ पासून या तबकडीभोवती घुटमळत होता, आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणाऱ्या १९१६ च्या निबंधात ती पुन्हा येते. विज्ञानेतिहासकार जॉन स्टेचेल यांनी १९८० मध्ये असे दाखवले की वक्र अवकाशाच्या कल्पनेकडे जाताना मधला हरवलेला दुवा म्हणजे ही तबकडीच. सामान्य वाचकांसाठी आइन्स्टाइनने लिहिलेल्या १९१७ च्या छोट्या पुस्तकात तेविसावे प्रकरण तिच्यावर आहे. गणित जवळजवळ नाही. आमच्यासारख्यांनाही दोन बैठकांत वाचता येते, आणि आपली पळवाट तिथेच बंद होते.

घड्याळांचेही तसेच. तबकडीच्या कडेवर ओळीने घड्याळे ठेवा आणि शेजारच्याशी शेजारचे जुळवत एक फेरी पूर्ण करा. शेवटचे घड्याळ पहिल्याशी जुळत नाही. ही कागदावरची करामत नाही. आपण सगळे एका फिरत्या गोळ्यावर बसलो आहोत. विषुववृत्तावरून एक फेरी मारली तर ही चूक सेकंदाच्या सुमारे २०७ अब्जांश इतकी भरते. एवढ्या वेळात प्रकाश बासष्ट मीटर जातो. म्हणून खिशातल्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांच्या हिशेबात ती दुरुस्ती धरावीच लागते. दुरुस्ती करायची की नाही हे ज्याच्या त्याच्या दृष्टिकोनावर सोडले असते, तर रिक्षा भलत्याच गल्लीत शिरली असती.

आणि फिरणे हे सापेक्षही नाही, हे तर आपल्या मंडळींच्या गावीच नसते. एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या बंद खोलीत आपण हलतो आहोत की नाही हे कळत नाही, एवढेच १९०५ चा सिद्धांत म्हणतो. खोली फिरत असेल तर खिडकी न उघडता कळते. प्रकाशाचे दोन किरण एकाच वाटेने उलट-सुलट फिरवले तर ते पुन्हा एकत्र येताना मागेपुढे होतात. फ्रान्सच्या साञाकने १९१३ मध्ये हा प्रयोग केला. गंमत अशी की त्याला त्यातून जुना ईथर सिद्ध करून आइन्स्टाइनला खोटे पाडायचे होते, आणि लाउएने १९११ मध्येच दाखवून ठेवले होते की नव्या सिद्धांतातूनही नेमके हेच निघते. आज विमानांची दिशा सांभाळणारी लेसर-यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

'चौकट' हा तर आमचा लाडका शब्द. 'प्रत्येकाची चौकट वेगळी', जणू चौकट म्हणजे चष्मा, हवा तेव्हा घालावा, हवा तेवढा पसरावा. भौतिकशास्त्रात चौकट ही पट्ट्यांनी आणि घड्याळांनी उभी करावी लागते आणि तिला मर्यादा असते. फिरत्या पृथ्वीला चिकटवलेली चौकट बाहेर बाहेर वाढवत न्या. सुमारे ४.१ अब्ज किलोमीटरवर, युरेनस आणि नेपच्यून यांच्या मध्ये कुठेतरी, या चौकटीत एका जागी उभे राहायचे तर प्रकाशाच्या वेगाने फिरावे लागेल. त्यापलीकडे या चौकटीत कोणतीही वस्तू स्थिर असू शकत नाही. आकाशात हे प्रत्यक्ष घडते. स्पंदक तारे, ज्यांचा शोध आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीतूनही घेतला जातो, भयंकर वेगाने फिरतात. २००६ मध्ये जाहीर झालेला एक स्पंदक सेकंदाला ७१६ फेऱ्या घेतो. त्याच्यासोबत एका जागी अडकून फिरणाऱ्या कशालाही मध्यापासून सुमारे सदुसष्ट किलोमीटरची हद्द आहे, म्हणजे जवळजवळ पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत. त्या हद्दीबाहेर ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्रदेखील त्याच्याबरोबर ताठपणे फिरू शकत नाही. चौकटीला कुंपण असते. हे कुंपण चौकटीत बसणाऱ्याने घातलेले नसते.

आता येणारा आक्षेप मला ठाऊक आहे : 'अहो, आम्ही ते रूपक म्हणून वापरतो.' कवीने वापरावे. कवीला हवी ती तबकडी हव्या त्या वेगाने फिरवायची मुभा आहे, ती न फुटता फिरली तरी माझी तक्रार नाही. पण समीक्षेच्या निबंधात 'सिद्ध केले आहे' आणि 'म्हणून' या दोन शब्दांच्या मध्ये ठेवलेली गोष्ट रूपक नसते, ती पुरावा असते. आणि पुरावा म्हणून आणलेल्या गोष्टीची उलटतपासणी होणारच. १९९६ मध्ये अमेरिकेत ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने एका प्रतिष्ठित नियतकालिकाकडे शास्त्रीय शब्दांनी नटवलेला एक निरर्थक लेख पाठवला, तो छापून आला, आणि मग त्याने स्वतःच गौप्यस्फोट केला. आमच्याकडे या प्रकरणाचा उल्लेख दोन प्रकारे होतो : एक गट त्यावर खूश होतो, दुसरा त्याला मानव्यविद्यांवरचा हल्ला म्हणतो. दोन्ही गट मूळ निबंध वाचायचे कष्ट घेत नाहीत, यात मात्र एकवाक्यता आहे. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने अडाण्याचा आव आणायचा? ज्या भाषेने जयंत नारळीकरांना २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केले, त्या भाषेत सोपे, खरे विज्ञान वाचायला मिळत नव्हते असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो असा की मीही तेच करतो आहे : तबकडी फुटते, म्हणून 'बलुतं' खरे. नाही. एरनफेस्टच्या टिपणातून दया पवारांविषयी काहीही निघत नाही, ना त्यांच्या बाजूने ना त्यांच्याविरुद्ध. मी साक्षीदार आपल्या बाजूला वळवत नाही, त्याला पिंजऱ्यातून खाली उतरवतो आहे. तो उतरला की त्या निबंधातल्या वाक्याचे काय उरते ते पाहा : 'दया पवारांना गाव तसे दिसले, इतरांना तसे दिसले नसेल.' एवढेच. आता या विधानाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागेल. इतर म्हणजे कोण? त्यांनी काय लिहिले आहे? गावकीची कामे करणारा आणि ती करून घेणारा यांना गाव वेगळे दिसते हे सांगायला विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राची गरज नव्हती. पण त्या दोघांच्या दिसण्यात देणेघेणे काय होते, कुणाच्या वाट्याला किती धान्य येत होते, नाही म्हणण्याची ताकद कुणाला होती, हे शोधायला दप्तरे आहेत, इतर आत्मकथने आहेत, १९८० चे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आहे, बलुतेदारीवरचे संशोधन आहे. ते काम कष्टाचे आहे. 'सर्व सापेक्ष असते' हे वाक्य ते काम टाळण्याची परवानगी देते, आणि वर त्या टाळण्याला आइन्स्टाइनची सही मिळवून देते. ज्याने भोगले त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यासारखे करायचे, आणि 'ती तुमची चौकट' म्हणून परत त्याच्याच ओंजळीत टाकायचे. वारिचाकने निदान एका गणिती पेचावर तोडगा म्हणून 'भासमान' म्हटले होते. आमच्या सभागृहात तोच शब्द माणसांच्या भुकेला आणि अपमानाला लावला गेला, आणि आम्ही माना डोलावल्या.

वेगवेगळ्या वाचकांना एकच संहिता वेगळी दिसते हे मला अमान्य नाही. त्यावरच आमचे पोट चालते. रुचिभेदाची, सहृदयाची चर्चा आपल्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिनेही वाटेल त्याला सहृदय म्हटलेले नाही. दोन वाचनांत फरक पडला तर तो कशामुळे पडला, एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची वाट कोणती, आणि कोणत्या ठिकाणी दोघांनाही 'इथे तडा आहे' म्हणावेच लागते, हे सांगणे म्हणजे समीक्षा असे मी समजतो. यातले एक अक्षरही मी तबकडीवरून सिद्ध करू शकत नाही, आणि करूही इच्छित नाही.

या सत्रात एका विद्यार्थिनीच्या टिपणात पुन्हा ते वाक्य आले. या वेळी समासात लाल रेघ ओढून न थांबता तिला बोलावून घेतले आणि वर लिहिले आहे ते जमेल तसे सांगितले. कागदावर वर्तुळही काढले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मग आइन्स्टाइन खोडला तर तिथे काय लिहू?" मी म्हणालो, पुस्तकातला पान क्रमांक लिही. पुढच्या आठवड्यात तिने टिपण पुन्हा दिले. त्यात अकरा पान क्रमांक होते आणि दोन ठिकाणी ती माझ्याशी असहमत होती. त्यातल्या एका ठिकाणी तिचेच बरोबर आहे असे मला वाटते. दुसऱ्यावर आमचा वाद अजून चालू आहे.